तोंडात धरलेला घोट

जिजी, तुझ्या पायरीवर बसून लिहिते आहे. पायरीवर तुला ‘तू’ म्हणायचं आणि चुलीपाशी ‘तुम्ही’, हा नियम तुझाच, तेव्हा आज कुणी मला उद्धट म्हणू नये. अहिल्याबाई घाटाची ती कोपरा तुटलेली पायरी. ऊन उतरलं आहे, दगड अजून गरम आहे, आणि खाली एक म्हैस पाण्यात बसून माझ्याकडे अशी बघते आहे की जणू मीच तिच्या जागेवर येऊन बसले. तू असतीस तर म्हणाली असतीस, “बघू दे गं सगुणे, तिलाही दिवसभर कुणी विचारलं नसेल.”

उद्या तुझा तेरावा. जेवणं झाली की भाऊसाहेब पंच मला पुढे बोलावतील, भटजी हातावर पाणी घालतील, आणि मी क्षेत्रसंन्यासाचा संकल्प करायचा, की देहात प्राण आहे तोवर काशीची हद्द ओलांडणार नाही. तुझ्यासारखाच. मग मी अन्नछत्राच्या मुदपाकखान्याची मुख्य. असं सगळ्यांचं ठरलं आहे. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही अजून नाही म्हटलेलं नाही. तिकडे जबलपूरला माझ्या इंदूचे दिवस भरत आले आहेत. उद्या हातावरून ते पाणी गळलं की माझ्या लेकीच्या दारात माझं पाऊल पुन्हा पडायचं नाही.

हे तुझ्याशी बोलायचं होतं. बोलायला कुणी उरलं नाही म्हणून लिहिते. अक्षरं मी देवळांच्या पाट्या वाचून जुळवलेली, ऱ्हस्वदीर्घाला तू हसायचीस. हस.

तुझं गाव, गोत्र, छत्रात कधी आलीस, किती यात्रेकरू जेवू घातलेस, हे भाऊसाहेब उद्या घसा खाकरून सांगतील. मला आठवतं ते असं की तुला उचललं, मागची जागा शेणानं सारवली, आणि चूल पेटली. रक्ताचं कुणी नाही, तर सुतक कुणाला? बाहेर वऱ्हाडातून आलेले यात्रेकरू पानं मांडून बसलेले, पाठशाळेतले विद्यार्थी बसलेले. वाढणं संपल्यावर मी इथं आले. बायकांनी मसणात जायचं नाही, म्हणून इथूनच मणिकर्णिकेकडे पाहत बसले. धूर होता, पुष्कळ होता, त्यातला तुझा कोणता ते कळेना. इतकी वर्षं तुझा आवाज शंभर आवाजांत ओळखला, आणि धूर ओळखता आला नाही.

तुझा आवाज! काय आवाज होता गं. चुलीपाशी तू ‘हं’ म्हणालीस की पलीकडे पाट्यावर वाटणाऱ्या बाईचा हात थांबायचा. आम्ही सगळ्या विधवा, कुणी सासरनं टाकलेल्या, कुणी आपण होऊन आलेल्या. आम्हाला दरारा नवा नव्हता. पण तुझा दरारा निराळा होता, कारण तू अन्यायानं कधी बोलत नव्हतीस. फक्त ऐकत नव्हतीस. आम्ही ‘जिजी, ते तांदूळ’ एवढं म्हटलं की तू ‘कळलं’ म्हणायचीस, आणि काय कळलं ते तुझं तुला ठाऊक. जवळ यावं तर सोवळं. “दूर हो, धाबळी नेसले आहे.” सकाळी तू सोवळ्यात, दुपारी जपात, संध्याकाळी मौनात. हात पुरेल इतक्या अंतरावर तुझ्याजवळ कुणी येऊच शकत नव्हतं. आणि तुला वाटायचं, कसं सगळं सुरळीत चाललं आहे, कुणाची तक्रार म्हणून नाही.

मग तो खारट चातुर्मास आला.

धाकट्या बहिणीच्या, ठकूच्या पायाला आराम पडावा म्हणून तू चार महिने अळणी जेवायचं व्रत धरलंस. स्वयंपाक मात्र तूच करायचीस. नैवेद्य दाखवण्याआधी चव घ्यायची नाही, हे तर आपल्याकडे ठरलेलंच. मीठ पडायचं ते तुझ्या मुठीच्या अंदाजानं. आणि नैवेद्यानंतर तू जेवायचीस तुझी वेगळी अळणी भाकरी. मूठ हळूहळू सैल होत गेली. श्रावणात आमटी जरा चढी वाटली. भाद्रपदात पंगतीत पाण्याच्या घागरी संपायला लागल्या. आश्विनात तर एका म्हाताऱ्या शास्त्रीबुवांनी शेजारच्याच्या कानात म्हटलं, “सरकार मिठावर कर घेतं, आणि आपली जिजी फुकट वाटते!” सगळी पंगत मिशीतल्या मिशीत हसली. तू पळी घेऊन पुढे सरकत होतीस, “सावकाश होऊ द्या, सावकाश होऊ द्या” म्हणत. सावकाशच होत होतं. घास उतरत नव्हता.

तोंडावर कुणी बोललं नाही. अन्नाला नावं ठेवायची नाहीत, त्यातून नैवेद्याच्या. प्रसाद खारट म्हणणारी जीभ झडते, असं आपण लहानपणापासून ऐकलेलं.

कार्तिकी द्वादशीला तुझं व्रत सुटलं. तू आमच्या ओळीत येऊन बसलीस, भातावर आमटी घेतलीस, पहिला घास तोंडात घातलास आणि थांबलीस. गिळलासही नाहीस, काढलासही नाहीस. आमच्या प्रत्येकीच्या तोंडाकडे एकेक करून पाहत गेलीस. आम्ही पानात बघतोय.

घास उतरवून तू विचारलंस, “कधीपासून?”

दुर्गा तेव्हा नवी होती, काशीतच वाढलेली, जिभेला हाड नसलेली पोर. ती म्हणाली, “जिजी, सावन से.”

“श्रावणापासून? आणि तुम्ही सगळ्या मुक्या?”

तेव्हा मी बोलले. माझ्या बडबडीला लोक नावं ठेवतात, पण त्या दिवशी ती कामाला आली. “सांगायचं कधी, जिजी? सोवळ्यात तुम्हाला शिवायचं नाही, जपात हाक मारायची नाही, मौनात बोलायचं नाही. एक वेळ विश्वनाथाच्या कानात सांगता येतं, तिथं निदान पुजारी तरी बाजूला होतो.”

मला वाटलं, आता पान भिरकावशील. तू पानातला कण न् कण संपवलास, तसाच खारट. दोन तांबे पाणी प्यालीस. आणि म्हणालीस, “चार महिने मी तुम्हाला समुद्र वाढला गं.”

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आधी तू धाबळी सोडलीस, साधं लुगडं नेसलीस आणि या पायरीवर येऊन बसलीस. “मी रोज इथं ओवळ्यात बसणार. ज्याला शिवायचं त्यानं शिवावं, बोलायचं त्यानं बोलावं. इथं मला ‘तू’ म्हणायचं.” आम्ही वरच्या जिन्याआडून बघायचो. कुणी येईना. तू आपली एकटी, पाण्याकडे बघत, न्हाव्याची वाट पाहणाऱ्या यजमानासारखी. चार-सहा दिवसांनी मलाच दया आली.

मी येऊन बसले आणि म्हटलं, “तू फार मध्ये बोलतेस.”

“मी? मी कधी मध्ये—”

“हे बघ.”

तू हसलीस. मग खाली वाकून ओंजळभर गंगा तोंडात घेतलीस, गाल फुगवलेस आणि खुणेनं म्हणालीस, बोल. मला आधी कळलंच नाही. मग कळलं: तोंडात पाणी असलं की मध्ये बोलता येत नाही. समोरच्याचं संपलं की गिळायचं, मग काय ते बोलायचं. आणि गिळेपर्यंत, जिजी, निम्मी उत्तरं तुझी तुलाच नकोशी व्हायची. तूच म्हणायचीस, “पाण्याबरोबर अर्धा राग पोटात जातो, उरलेल्या अर्ध्याचं उत्तर होतं.”

तुझं ते गाल फुगवून बसणं साऱ्या घाटाला ठाऊक झालं. भाऊसाहेब एकदा तुला समज द्यायला आले, कुठल्या यात्रेकरूला श्रीखंड दुसऱ्यांदा वाढलं नाही म्हणून. “छत्राची अब्रू म्हणजे काय चीज आहे, याचा विचार—” असं बोट नाचवत सुरू झाले. मागं दुर्गेनं तस्संच बोट नाचवलं. तू हसू आवरायला गेलीस, आणि सगळा घोट भाऊसाहेबांच्या उपरण्यावर. ते लालबुंद. तू शांतपणे म्हणालीस, “गंगाच आहे, भाऊसाहेब. पावन झालात.”

एवढ्यानं तू काही साध्वी झाली नाहीस, उगाच कशाला सांगू. आठवड्यातून दोनदा तरी चुलीपाशी तुझा तो ‘हं’ यायचाच. पण जिच्यावर तडकलीस तिच्या शेजारी दुसऱ्या दिवशी पाट्यावर वाटायला बसायचीस. माफीबिफी नाही, नुसतं वाटण. खोबऱ्याचा एक गोळा तिच्याकडे सरकवायचीस. आणि नैवेद्य झाला की सगळ्यांच्या आधी आमटीचा एक थेंब तळहातावर घ्यायचीस. मरेपर्यंत चुकवलं नाहीस ते. आम्हाला वाटायचं, एवढ्याशानं काय होतं? पण त्या एवढ्याशानं आमचं छत्र राहण्यासारखं झालं. मी कितीदा बोचकं बांधून निघायच्या बेतात होते, तुला ठाऊक आहे. दर वेळी या पायरीवर येऊन तुझ्या फुगलेल्या गालांपुढे बोलले आणि बोचकं सोडलं.

एकाच गोष्टीत तुझं तोंड पाण्यानं भरलेलं असूनही तू ऐकलं नाहीस. ठकूची गोष्ट.

ठकू समोर रामनगरला दिलेली. इथून किल्ला दिसतो, बुरूज दिसतो, धूसर दिवस नसेल तर नावाही दिसतात. पण गंगेच्या पलीकडे काशी नाही, आणि तू संकल्प केलेला. त्यामुळे ती यायची, तू कधी गेली नाहीस. काय मस्करी करायची ती! “जिजे, तिकडे मरणारा पुढच्या जन्मी गाढव होतो म्हणतात. तू मुक्त होशील, मी गाढव होईन. मग माझ्या पाठीवर ओझं कोण गं लादेल?” तू म्हणायचीस, “तू आताच कुठली कमी आहेस.” दोघी म्हाताऱ्या इथं बसून पोरींसारख्या खिदळायच्या. रामधनी मल्लाह नाव घेऊन तिला न्यायला यायचा तेव्हा तुलाही पलीकडे यायचं का म्हणून विचारायचा, “माई, पार चलबू?” आणि तू म्हणायचीस, “अगिला जनम में.” ती थट्टा त्याला इतकी आवडली की ठकू नसली तरी रोज जाता-येता विचारायचा.

मग ठकूचे पाय पुरतेच गेले. ती खाटेवर पडली, आणि रामधनीच निरोप आणायला लागला. आज जरा बरं आहे. आज नाही. आज जिजीला बघायचं म्हणते.

मी तुला इथंच म्हटलं, “नावेची एक खेप, जिजी. सकाळी जा, दुपारी ये. देव काय घाटावर बसून तिकिटं तपासतो?”

तू पाणी गिळलंस आणि म्हणालीस, “ज्या बाईला आपलीच आण मोडता येते, तिच्या शब्दावर उद्या चूल कोण पेटवील?”

“आणि जिला बहिणीची हाक ऐकू येत नाही, तिला आमची काय येणार?”

तू उठून गेलीस. ओवळ्यातच, धाबळी न नेसता, थेट कोठीत. ठकू गेली ती तुला न बघता. त्यानंतरही तू रोज इथं बसलीस, सगळ्यांचं ऐकलंस. पण तो वाद आपण दोघींनी पुन्हा काढला नाही. रामधनी मात्र विचारत राहिला, “पार चलबू?” तू उत्तर देत राहिलीस. फक्त तुझी मान रामनगराकडे वळायची आणि तिथंच राहायची. शेवटच्या दुखण्यात तू खाट खिडकीशी ओढायला लावलीस. सगळ्या म्हणाल्या, गंगादर्शन हवं आहे. मला ठाऊक होतं तुला काय बघायचं होतं. विचारलं नाही. विचारायला हवं होतं का गं?

आणि मग ती सकाळ. तू उशाखालून किल्ल्यांचा जुडगा काढलास, माझ्या हातात दाबलास आणि म्हणालीस, “सगुणे, हे धर, आणि—”

मी म्हटलं, “नको बोलूस, दमशील.”

तू थांबलीस. मग बोललीच नाहीस. सगळा जन्म तुला ‘मध्ये बोलू नकोस’ म्हणून छळलं, आणि शेवटच्या वाक्याला मीच मध्ये बोलले. खोलीत भाऊसाहेब होते, भटजी होते, दुर्गा होती. भाऊसाहेबांनी लगेच वाक्य पुरं करून टाकलं: “आणि छत्र सांभाळ. ऐकलंत ना सगळ्यांनी?” सगळ्यांनी मान हलवली. तुझा श्वास अजून चालू होता, जिजी, आणि मी मुख्य झाले होते.

तेव्हापासून मी या जुडग्यात अडकले आहे. कनवटीला लावला की कंबर वाकते, काढून ठेवला तर रात्रभर हात चाचपतो. जबलपूरचं एक जोडपं यात्रेला आलं होतं, इंदूच्या शेजारातलं. त्यांनी पंगतीत मला ओळखलं. बाई म्हणाली, “तुमची इंदू म्हणाली, आईला सांगा, या खेपेला तेवढी ये. घाबरते हो बिचारी.” मी पळी कलती केली. आमटी तिच्या पानाबाहेर वाढली.

भाऊसाहेबांकडे गेले. म्हटलं, “लेकीचं बाळंतपण आहे. जाऊन येते, मग बघू संकल्पाचं.”

ते म्हणाले, “सगुणाबाई, लेकीकडे गेलेली बाई परत येते होय? नातवंड मांडीवर बसलं की छत्र आठवत नाही. म्हणून तर मुख्य बाई क्षेत्रसंन्यासी असावी, हा आपला पूर्वापार रिवाज. जिजींनी बहिणीसाठीसुद्धा मोडला नाही. आणि त्यांनी शेवटी तुमच्याच हातात किल्ल्या दिल्या. मेल्या माणसाचा शब्द तुम्ही खाली पाडणार?”

तुझ्याच नावाची भिंत घातली त्यांनी. परत आले आणि चुलीला लागले. आणि ऐक, तुझी धाबळी माझ्या अंगावर कशी चढली ते. दुर्गा काही विचारायला आली, मी म्हटलं, “नंतर, सोवळ्यात आहे.” दुपारी आली, “नंतर, जप राहिलाय.” माझा जप! मी तर माळ हातात घेतली की मण्यांशीसुद्धा गप्पा मारणारी. बायका जिन्यात बोलत असल्या आणि मी आले की गप्प. मला वाटलं, बरं झालं, मान ठेवतायत. तुझं सगळं बघून, तुझ्याबरोबर इतकी वर्षं बसून, मी आठवड्यात तिथं पोचले जिथं तू त्या खारट चातुर्मासात होतीस.

ते लक्षात आलं म्हणून पायरीवर यायला लागले असं नाही हं. खरं सांगते, तुझी आठवण येते म्हणून यायला लागले. मनात हिशेब असा की कुणी आलं नाही तर बरंच, तेराव्याला पंचांना सांगता येईल की माझ्यापाशी कुणी येत नाही, मी मुख्य व्हायला लायक नाही. सुटका. कालपर्यंत कुणी आलं नाही. आज ही म्हैस, आणि मग दुर्गा.

तिची पावलं ऐकली आणि मी घाईघाईनं पाण्याचा घोट तोंडात घेतला. तुझी नक्कल करायला नाही. मला ठाऊक होतं, नाहीतर मी बोलून बोलून तिला परत घालवीन.

“मावशी, बसू?”

मान हलवली.

“जिजींना आम्ही सांगत होतो तसं सांगू? बाद में नाराज नका होऊ.”

पुन्हा मान.

ती पदराचं टोक पिळत बसली. मग म्हणाली, “तू रोज म्हणतेस, जिजी मला अडकवून गेली, पंचांनी अडकवलं, किल्ल्या गळ्यात पडल्या. पण काल मी मिठाच्या कोठीची किल्ली मागितली, तर तू कनवट मुठीत आवळलीस. इतकी, की बोटं पांढरी झाली. परवा वाणसामानाच्या वेळी तेच. तुला अडकवलंय कुणी, मावशी? तूच तो जुडगा धरून बसली आहेस. इंदूताईकडे जायची भीती वाटत असेल तर तसं म्हण. जिजींच्या नावावर नको घालूस.”

माझे गाल फुगलेले, डोळे भरलेले, आणि उत्तर तोंडापर्यंत आलेलं: काय कळतं गं तुला, मूल होऊन गेलंय का तुझं? पण तोंडात गंगा. बोलता येईना.

“और एक बात,” ती उठता उठता म्हणाली. “आमटी अळणी होते.”

मी गिळलं. एक घोट उतरायला इतका वेळ लागतो, हे तू कधी सांगितलं नव्हतंस. उतरताना त्याच्याबरोबर ते उत्तरही गेलं, आणि खाली जे उरलं ते असं होतं. इंदूच्या पहिल्या खेपेला मी गेले होते. ते पोर माझ्याच हातात आलं, माझ्याच हातात गार झालं. दाईनं घ्यायला हात पुढे केले तरी मी सोडत नव्हते. तेव्हापासून जबलपूर म्हटलं की माझे तळहात गार पडतात. आणि पंच जेव्हा म्हणाले, जाता येणार नाही, तेव्हा मी रडले खरी, पण आत कुठंतरी एक कडी सरकल्यासारखं वाटलं, बाहेरचं बाहेर राहिल्यासारखं. हे मी मला सांगितलं नव्हतं. दुर्गेनं सांगितलं.

“कधीपासून?” मी विचारलं.

“काय, किल्ल्या का आमटी?”

“आमटी गं.”

“जिजी गेल्यापासून. पंगतीत म्हणतात, सुतक कुणाला नाही लागलं तर मिठाला लागलं.”

मी हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. खारटपणाची इतकी धास्ती घेतली होती मी, की मूठ उघडतच नव्हते; तळहातावरचा थेंबही विसरले, आणि पानात काय जेवते तेही मला कळत नव्हतं. ती हसली, मग दोघी रडलो, आणि मला शिवून ती माझ्या खांद्याला डोकं टेकून बसली. चुलीपाशी हे होऊ शकलं नसतं.

मग मी जुडग्यातून कोठीची किल्ली काढली. निघेना. कडी गंजलेली, माझी नखं तुटली. शेवटी तिनं आपल्या दातांनी ओढून काढली. तिला म्हटलं, “उद्याची आमटी तू कर.”

“तेराव्याची? मी? पंच काय म्हणतील?”

“पंचांचं पंच म्हणतील.”

हे म्हणणं सोपं होतं, जिजी. उद्या म्हणणं सोपं नाही. मी म्हणणार आहे की मी संकल्प करत नाही. लेकीकडे जाते, तोवर दुर्गा बघेल, बोलावलंत तर परत येईन. भाऊसाहेब म्हणतील, मग येऊच नका. म्हणू शकतात. माझ्या नावाचं दुसरं छप्पर या जगात नाही. जावयाच्या दारात किती दिवस राहणार, आणि तिथं काय बघावं लागेल, ते कुणाला ठाऊक? मी सुटले असं मला जराही वाटत नाही. एवढंच की दाराला बाहेरून कुलूप आहे आणि आतून कडी आहे, त्यातली आतली कडी आज हाताला लागली.

मघाशी रामधनी नाव वल्हवत गेला. तू गेल्यापासून तो इथून मान खाली घालून जातो. मीच हाक मारली, “अरे, पूछ ना.”

“का पूछीं, माई?”

“वही, जो रोज पूछत रहे.”

त्यानं वल्हं थांबवलं. “पार चलबू?”

म्हटलं, “परसों.” पलीकडे उतरले की इक्का करून मोगलसराय, तिथून जबलपूरची गाडी. वाटेत ठकूचं दार लागतं. घरात आता दुसरी माणसं आहेत. उंबऱ्याशी जरा उभी राहीन. तुझा निरोप म्हणून नाही, तू काही दिला नाहीस. मी आपली उभी राहीन.

उजेड कमी झाला, ओळी वाकड्या जातात. उद्याच्या पानावर दुर्गेच्या हातची आमटी असेल. तिची मूठ कशी आहे अजून कळलेलं नाही. खारट असो, अळणी असो, आता तुला कुठलं सोवळं नाही; जेव, आणि काय ते सरळ सांग.

आणि ते तुझं वाक्य, जिजी. ‘सगुणे, हे धर, आणि’. भाऊसाहेबांनी ते त्यांच्या मनासारखं पुरं केलं, मी माझ्या भीतीसारखं. तू अजून केलेलं नाहीस. म्हैस गेली, घाटावर कुणी नाही. खाली वाकून मी ओंजळ भरून घेतली आहे. तोंडात पाणी धरलं आहे.

बोल. आता मी मध्ये बोलणार नाही.